पिरतीचे कान

कल्याणभौच्या शेडनेटातल्या मिरचीला कळ्यांचा भर आला आणि बोरखडीच्या बायांना मान वर करायला फुरसत राहिली नाही. संकरित बियाण्याच्या क्रॉसिंगचे दिवस असेच असतात. दुपारी, उद्या उमलणारी कळी हेरायची, चिमट्यानं आतले नर अलगद काढून घ्यायचे, मधली काडी तेवढी शाबूत ठेवायची आणि देठाला लाल दोरा बांधायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीच्या फुलाची पावडर त्या काडीच्या टोकाला लावायची. तीही ऊन चढायच्या आत. ऊन तापलं की पावडर मरते, आणि पावडर न मिळालेली कळी गळून पडते. एक सकाळ चुकली तर त्या सकाळचं बियाणं गेलं.

या कामात गिरिजाबाईचा हात धरणारं कुणी नव्हतं. टेंभुर्णीपासून पलीकडे पार जाफराबादेपर्यंत शेडनेटवाले तिची टोळी मिळावी म्हणून आधीपासून निरोप धाडत. सून दीपमाला तिच्याच हाताखाली तयार झालेली. नेटाच्या आत हवा कोंडलेली असे, पोलकं पाठीला चिकटे, वाकून वाकून कंबर लाकडासारखी होई. पण गिरिजाबाईचं तोंड काही थांबत नसे. कुणाच्या म्हशीनं बादली लाथाडली, कुणाचा जावई मोटारसायकलवरून नाल्यात गेला, सगळ्या गावाची खबर तिच्या तोंडून ओळी-ओळीनं पुढं सरके आणि बाया हसत हसत कळ्या उरकत.

अशा बोलघेवड्या बाईच्या नातीला ऐकू येत नव्हतं.

पोरीचं नाव प्रीती. गिरिजाबाईच्या जिभेवर ती पिरती. तिसरं वर्ष लागलं तरी पोरीच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. "हिचा आजाबी लई उशिरा बोलला," गिरिजाबाई सांगायची. "अन् बोलून तरी काय, आजूनबी इचारल्याबिगर तोंड उघडत न्हाई." तिचे मालक अप्पाराव ओट्यावर बसून हे ऐकायचे आणि खरंच काही बोलायचे नाहीत.

मग एका दुपारी घराच्या पत्र्यावर वानरांची टोळी उतरली. पत्रा असा दणाणला की अख्खी गल्ली बाहेर पळाली. शेळीनं दावं तोडलं. दीपमाला धावत आत गेली तर पिरती पत्र्याच्या बरोबर खाली गोधडीवर गाढ झोपलेली. पापणीसुद्धा हलली नव्हती. दीपमालानं पोरीला उचलून छातीशी धरलं. तिचा नवरा सुमित जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये कामाला होता, सुट्टीला घरी यायचा. तो आला तसं तिनं त्याला सांगितलं, आणि दोघं पोरीला घेऊन जालन्याच्या दवाखान्यात गेले.

तिथं पोरीला झोपवून डोक्याला वायरी लावून तपासलं. कान अगदीच बंद नव्हते, पण फार मोठा आवाजच काय तो आत पोचत होता. कानाच्या मॅडमनी दोन्ही कानांत मऊ लगदा भरून कानाचा साचा घेतला आणि मशीन आलं की कळवते म्हणाल्या. तो फोन आला नेमका कळ्या भरात असताना.

दीपमाला सुट्टी मागायला शेडनेटच्या दारात गेली. कल्याण तिशीतला, रानातलं सगळं मोडून या नेटावर जीव लावून बसलेला माणूस.

"आत्ता?" तो म्हणाला. "क्रॉसिंग उरकू द्या, मंग जावा. मशीन काय पळून चाललं?"

"मॅडम म्हनल्या, जेवढं लौकर बसंल तेवढी बोली लौकर येती. या वयात लेकरू आवाज शिकून राह्यलेलं आसतं. ही वेळ गेली की मंग लई आवघड जातं."

"अन् माझ्या फुलाची वेळ? तिचं काय?"

दीपमालाची मान खाली गेली. गिरिजाबाई आतल्या ओळीतून हे ऐकत होती. तशीच, चिमटा हातात घेऊन, ती बाहेर आली.

"तुमची फुलं आमच्या टोळीतली दैवशाला सांभाळंल, कल्याणभौ. तिच्या हातात माझाच हात हाय. मी सुनंसंगं जालन्याला चालले."

"तुम्हीबी? दोघीबी?"

"पोरीला धरायला येक मानूस अन् मॅडमचं समजून घ्यायला येक मानूस. दोघी लागत्यात."

कल्याणनं कपाळाला हात लावला. क्रॉसिंगच्या दिवसांत गिरिजाबाईनं ओळ सोडल्याचं त्यानं आजवर ऐकलं नव्हतं. खुद्द गिरिजाबाईनंही ऐकलं नव्हतं.

टेंभुर्णीहून त्यांनी सकाळची एसटी धरली. दवाखान्यात मॅडमनी डबी उघडली तेव्हा गिरिजाबाई पुढं वाकली. कानामागं बसणारं, वालाच्या शेंगेसारखं वाकडं, इवलंसं मशीन. त्याला पारदर्शक नळी आणि नळीच्या टोकाला कानात बसणारा मऊ साचा. साचा लालभडक होता.

"लाल?" गिरिजाबाई सुनेच्या कानाशी लागली. "अगं, कातडीच्या रंगाचं भेटत न्हाई का? गावभर दिसंल ना."

"दिसू द्या, आत्या. मीच मागितलं लाल. लेकराच्या कानातलं हाय, पडनारच. पडलं तं सापडाया नको?"

मॅडम सगळं दाखवत गेल्या. सेलच्या झाकणाला कुलूप होतं, लेकरानं उघडून सेल तोंडात घालू नये म्हणून. चालू असलं की बारीक हिरवा दिवा लुकलुके, म्हणजे लेकराला सांगता आलं नाही तरी आईला कळावं. दोन्ही मशीनांना मिळून एक दोरी होती, तिचा चिमटा झग्याला मागून अडकवायचा. घामानं मशीन बिघडतं, म्हणून काढलं की ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या डबीत कोरडं करायचं. लेकराचा कान वाढतो, साचा सैल होतो, मग मशीन शिट्टी मारतं. तसं झालं की नवा साचा करायला यायचं.

मग त्यांनी मशीनं पोरीच्या कानांवर चढवली आणि चालू केली.

पिरती अंगठा चोखत होती. अंगठा तोंडातून बाहेर आला. ती ताठ झाली.

"आजी, बोला," मॅडम हळूच म्हणाल्या.

अख्ख्या शिवाराला बोलून दमवणारी गिरिजाबाई! तिचे ओठ हलले, पण शब्द येईना. काय बोलावं? पोरीला जन्मापासून रोज ढीगभर बोललेली ती, त्यातलं काही म्हणजे काहीच तिला आठवेना. तिनं नुसताच हात पुढं केला. बांगड्या किणकिणल्या. पिरतीनं झटकन बांगड्यांकडं पाहिलं, घाबरली आणि तिनं भोकाड पसरलं. आणि मध्येच थांबली. कुठून आला हा आवाज? तिनं परत जरासं रडून पाहिलं. थांबली. परत रडून पाहिलं. डोळ्यांत पाणी, गालावर पाणी, आणि पोरगी आपल्याच रडण्याचा आवाज थोडा थोडा चाखून बघत होती.

दीपमालानं तोंडाला पदर लावला. गिरिजाबाईला आता कुठं कंठ फुटला. "पिरते," ती म्हणाली. "अगं माझे बाई. म्या हाय. तुही आजी."

मॅडमनी तिला एक नळी दिली. डॉक्टर छातीला लावतात तशी, एका टोकाला मशीन लावून आपल्या कानानं ऐकायची. रोज सकाळी आधी आपण ऐकायचं, नीट चालतंय का बघायचं, मगच पोरीच्या कानावर चढवायचं. आणि मग पोरीच्या मागं उभं राहून, तोंड दिसू न देता, आवाज द्यायचे: आ, ऊ, ई, म, श, स. कुठल्या आवाजाला वळते, कुठल्याला नाही, ते ध्यानात ठेवायचं.

"आणि सगळ्यात महत्त्वाचं," मॅडम म्हणाल्या, "हिच्याशी दिवसभर बोलत राहायचं. भाकरी करताना, भांडी घासताना, जे करतोय ते तोंडानं सांगत राहायचं. मशीन फक्त आवाज पोचवतं. बोली घरातूनच यायला हवी. जमेल ना?"

दीपमाला डोळे पुसता पुसता हसली. "त्याची काळजीच करू नका, मॅडम. आमच्या आत्या बोलायला लागल्या की रेडिओ बंद करावा लागतो."

"मग झालं तर! निम्मं काम आजीच करणार."

परतीच्या एसटीत गिरिजाबाई ते वाक्य घोळवत बसली होती. उभ्या जन्मात तिच्या बोलण्याला कुणी काम म्हटलं नव्हतं, खोडच म्हटलं होतं. शेजारच्या बाकावरची एक बाई मघापासून पोरीच्या लाल कानांकडं टक लावून पाहत होती. शेवटी तिनं चुकचुकून विचारलं, "मुकी हाय का वो लेकरू?"

दीपमाला खिडकीकडं वळली. सकाळी हीच गिरिजाबाई लाल रंग लपवायला बघत होती. आता तिनं पोरीला मांडीवर नीट बसवलं आणि केस कानामागं सारले.

"मुकी काहून आसंल? आत्ताच तं ऐकाया लागलीय. तुम्ही-आम्ही पोटातून ऐकून आलो, तरी बोलाया साल-दीड साल लागलं का न्हाई? हिचं आज सुरू झालं. बघा, कशी वळून बघती." आणि तिनं पोरीमागून "श्श" केलं. पिरती काही वळली नाही. एसटीचा खडखडाट फार होता. "गाडीत ऐकू येत न्हाई," गिरिजाबाई ठणकावून म्हणाली. "मलाबी येत न्हाई."

मशीन बसलं म्हणून पोरगी लगेच शहाणी झाली नाही. ती दर घटकेला मशीन ओढून काढी. एकदा ते शेळीच्या पेंडीत सापडलं, एकदा पिठाच्या डब्यात. गिरिजाबाईनं जवळ घेतलं की मशीन दोघींच्या मध्ये दाबलं जाई आणि बारीक शिट्टी मारी. उतारवयात गिरिजाबाईला तेवढा बारीक आवाज ऐकू येत नसे, दीपमाला सांगायची, "आत्या, कान दाबून राह्यला तुम्ही." मग ती पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेई, तर तिकडचं वाजे. गल्लीतल्या पोरांना ते पाहायचं असे. गिरिजाबाईनं सगळ्यांना ओट्यावर बसवून एकेकाला नळीतून ऐकवलं आणि बजावलं, "हात लावायचा न्हाई, अन् हिच्याशी मोठ्यानं वरडायचंबी न्हाई. बराबर तोंडासमोर येऊन बोलायचं."

रोज सकाळी चुलीपाशी पोरगी बसली की गिरिजाबाई मागून पदराआड तोंड धरून आवाज द्यायची. "आ"ला पोरगी वळे. "म"ला वळे. "श" आणि "स" हवेत विरून जात. गिरिजाबाई पुन्हा देई, पुन्हा देई. अप्पारावांच्या चहाला उशीर होई, ते बिचारे गप्प बसत. एके दिवशी गिरिजाबाई पाणी आणायला गेलेली असताना दीपमालानं दारातून पाहिलं, तर म्हातारा नातीच्या मागं बसून, इकडंतिकडं बघून, स्वतःच हळूच "सऽऽ" करत होता.

कामावर मात्र पंचाईत होती. दोघी सासवा-सुना नेटात, आणि अप्पारावांचे गुडघे धरलेले. पोरीमागं पळणं त्यांना झेपत नव्हतं. म्हणून पोरीला घेऊन तेही शेडनेटावर येत. दाराबाहेर लिंबाखाली गोधडी टाकून दोघं बसत. कल्याणला ते आवडलं नव्हतं.

"लेकरू आत आलं नाही पायजे, गिरजाबाई. येक फांदी मोडली तं दहा फळं जात्यात."

"न्हाई येनार, भौ."

पण ऐन भराच्या एका सकाळी ती आत आलीच. अप्पारावांचा डोळा लागला. पिरतीनं गरम होतं म्हणून झगा काढून फेकला, झग्याबरोबर दोरीचा चिमटा सुटला आणि उघडी पोरगी मिरचीच्या ओळीतून आईला शोधत दुडुदुडु निघाली. दीपमालाच्या पायांना मिठी बसली तेव्हा तिनं खाली पाहिलं. डाव्या कानात मशीन होतं आणि दोरी मोकळीच लोंबत होती, तिचं उजवीकडचं टोक निसटलेलं. उजवा कान रिकामा होता.

"आत्या!"

त्या हाकेनं सगळ्या ओळी थांबल्या. गिरिजाबाई धावत आली. लिंबाखाली पाहिलं, गोधडी झटकली, झगा उलटापालटा केला. अप्पाराव गुडघ्यांवर हात टेकत उठले, त्यांना काय झालं तेच कळेना. बाहेर नव्हतं. म्हणजे नेटात होतं. आणि नेटात लाल रंगाला काय तोटा? हर एक फांदीला लाल दोरे बांधलेले. दीपमालानं सापडावं म्हणून मागितलेला लाल रंग त्या हजारो दोऱ्यांत असा मिसळून गेला की डोळे फिरायला लागले.

कल्याण पलीकडच्या टोकाहून आला. "काय झालं? हात काहून थांबले?"

"पोरीचं मशीन पडलं," दैवशाला म्हणाली.

"मंग दुपारून शोधा! ऊन चढून राह्यलंय. निम्म्या ओळी बाकी हायेत आजून, अन् तुम्ही मशीन शोधता?" त्याचा आवाज चढला. "मी पयलंच सांगितल्तं, लेकरू आणू नका. सांगितल्तं का न्हाई?"

"सांगितल्तं," गिरिजाबाई म्हणाली.

"मंग?"

गिरिजाबाईनं नेटाच्या कापडातून वर पाहिलं. ऊन खरंच चढत होतं. बोटात अंगठीसारखी घातलेल्या डबीत पावडर होती, आणि ती किती वेळ जिवंत राहते ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक? पण ओळींमध्ये पाणी सुटलेलं होतं, बाया दुपारपर्यंत येजा करणार होत्या. एक पाय पडला की संपलं. तिनं डबी बोटातून काढून झाकण लावलं.

"कोनीबी पाय उचलू नका," ती बायांना म्हणाली. "हाय तिथं बसा. गुडघ्यावर बसूनच पुढं सरका. कल्याणभौ, तुमचं नुकसान होतंय, मला दिसतंय. पन आधी पोरीचा कान."

एरवी पैसे कापीन म्हणणारा कल्याण ओळीतून बाजूला सरला. बाया गुडघ्यांवर बसल्या होत्या. चिखल लुगड्यांना लागत होता, मिरचीच्या फांद्या तोंडावर येत होत्या. हातांनी चाचपत त्या सरकू लागल्या. पाचोळा, दोऱ्याचे तुकडे, गळलेल्या कळ्या. मशीन नाही.

दीपमाला पोरीला कडेवर घेऊन उभी होती. एकाएकी ती म्हणाली, "आत्या, ते चालू हाय. चालू मशीन कशाखाली दाबलं तं शिट्टी मारतं. सगळे गप झाले तं ऐकू येईल."

"मोटर बंद करा," गिरिजाबाई म्हणाली.

कुणी हललं नाही, मग कल्याणच गेला. ठिबकची मोटर थांबली. दैवशालानं मोबाईलमधली गाणी बंद केली. कुणीतरी खोकला दाबला. जन्मात कधी गप्प न बसलेली ती टोळी चिखलात बसून कान देऊन ऐकू लागली. नेटाचं कापड वाऱ्यानं फडफडलं आणि शांत झालं.

गिरिजाबाईनं डोळे मिटले. ऐकायला तिनं सगळा जीव कानांत आणला. काही नाही. नुसती शांतता, जाड गोधडीसारखी. तिनं डोळे उघडले आणि दिसलं, दैवशालानं मान वळवली आहे. तिच्या पलीकडच्या पोरसवदा बाईनं वळवली आहे. सगळ्या माना एकाच दिशेला चालल्या आहेत, आणि तिच्यापर्यंत काहीच पोचत नाही. पिरती आजवर अशी बसत होती. चारचौघांत, सगळ्यांच्या माना कशाला वळल्या ते न कळता.

कल्याण वाकला. तो हळूहळू, एकेक पाऊल तोलत, ओळीतून पुढं गेला. थांबला. परत दोन पावलं मागं आला. रोपाभोवती जमिनीवर अंथरलेल्या मल्चिंगच्या कागदाला जिथं भोक पाडलेलं होतं तिथं त्यानं दोन बोटं आत घातली आणि लाल साचा बाहेर काढला.

त्यानं मशीनवर फुंकर मारली, सदऱ्याच्या कोपऱ्यानं माती पुसली आणि ते गिरिजाबाईच्या ओंजळीत ठेवलं. ओंजळीत ते पुन्हा वाजलं असावं, कारण कल्याण दचकला.

"बिघडलं तं न्हाई?" त्यानं विचारलं. आवाज आता खालचा होता.

दीपमालानं पिशवीतून नळी काढली. साचा पुसला, मशीन लावून ऐकलं आणि नळी त्याच्याच हातात दिली. "तुम्हीच बघा, भौ."

कल्याणनं नळी कानांत घातली. "ऐकू येतं का?" दीपमाला मशीनपाशी हळू म्हणाली, आणि तो एवढा मोठा गडी मागं सरकला. "आयला! एवढं मोठं ऐकू येतं हिला?"

"एवढं मोठं केलं तवा आपल्याएवढं येतं," दीपमाला म्हणाली.

मग कुणी सांगायची वाट पाहिली नाही. मशीन कानावर चढलं, झगा अंगात गेला, चिमटा अडकला आणि बाया ओळींवर तुटून पडल्या. गिरिजाबाईच्या तोंडून त्या सकाळी एक शब्द निघाला नाही. बोट डबीत, बोट फुलाला. बोट डबीत, बोट फुलाला. घाम डोळ्यांत उतरत होता, तो खांद्यानं पुसायचा. कल्याणनंही एक ओळ धरली. त्याचा हात जड होता, दोन काड्या मोडल्या, तशी दैवशालानं त्याला बाजूला केलं आणि तोही मुकाट्यानं बाजूला झाला. ऊन चटके देऊ लागलं तोवर जवळजवळ सगळं उरकलं होतं. जवळजवळ. कडेची एक ओळ राहिली.

गिरिजाबाई स्वतःच कल्याणपुढं गेली. "कडंची ओळ राह्यली, भौ. पावडर मेली आता. उद्या उजाडताच मी येकटी येते, धरतील तेवढ्या धरतील. बाकीच्या गेल्या. त्याचं काय कापायचं ते माझं कापा, बायांचं नको."

कल्याण लिंबाकडं बघत होता. तिथं अप्पाराव नातीला पुढ्यात घेऊन बसले होते. आता त्यांनी दोरीचा चिमटा आपल्या बोटातच धरून ठेवला होता.

"कापायचं बघू," तो म्हणाला. आणि जाता जाता, पाठमोराच, "अप्पारावदादांना म्हनावं, उद्यापासून पोरीला घेऊन माझ्या पत्र्याच्या शेडात बसा. पंखा हाय तिथं. लिंबाखाली ऊन लागतं."

दुसऱ्या दिवशी उजाडताच गिरिजाबाई कडेच्या ओळीत होती. काही कळ्या धरल्या, काही गळाल्या. गळालेल्या तिनं वेचून कल्याणला दाखवल्या, लपवल्या नाहीत. पुढं महिन्याभरात लाल दोऱ्यांच्या देठांना मिरच्या लोंबल्या. कंपनीचा माणूस नेटातून फिरून गेला, खूश होता. गिरिजाबाईची टोळी पुढच्या सालासाठी आत्ताच ठरवून ठेव म्हणाला. कल्याणनं पैसे कापले नाहीत. पण लेकरामुळं एक ओळ गेली हे तो गावात दोन-चार ठिकाणी बोललाच. गिरिजाबाईनं ते ऐकलं. "गेली तं गेली," ती म्हणाली. "खरं बोलून राह्यला तो."

थंडी पडली. पिरतीचा कान वाढला, साचे सैल झाले, तसे नवे साचे करून आणले. या वेळी रंग निवडायला सुमित गेला होता आणि त्यानं पोरीलाच निवडू दिलं. पोरीनं हिरव्यावर बोट ठेवलं. "स"ला ती आता वळू लागली होती. शेळीला ती "मेंऽ" म्हणे, एसटीला "पोंऽ". अप्पारावांना "आबा"सारखं काहीतरी म्हणायची, आणि म्हातारा विचारल्याशिवायही बोलायला लागला होता. पण नीट, कुणालाही कळेल असा शब्द अजून आला नव्हता. गिरिजाबाई वाट पाहत होती. तो शब्द "आजी" असेल याविषयी तिच्या मनात शंका नव्हती, कारण दिवसातून शंभरदा तीच तो शब्द पोरीच्या कानावर घालत होती.

संक्रांतीच्या आधीची गोष्ट. सकाळी कोवळं ऊन पडलं होतं. न्हाणीत पाणी काढून गिरिजाबाई दारात आली. गल्लीच्या तोंडाशी शेजारणीच्या शेळीला पिल्लं झाली होती, आणि पिरती घराकडं पाठ करून, पिल्लाच्या कानाशी तोंड नेऊन, त्याला काहीतरी समजावत बसली होती.

"पिरतेऽऽ," गिरिजाबाईनं हाक मारली. "चल, आंघोळीला!"

पोरीची मान हलली. खांदे जरासे आखडले. मग ती पुन्हा पिल्लाकडं वळली.

सेल संपला? ती दोन पायऱ्या उतरली. "पिरते! पानी निवून राह्यलंय! येती का न्हाई?"

पोरीनं मागं वळूनही पाहिलं नाही. पिल्लाच्या गळ्यात हात टाकून, चांगल्या खणखणीत आवाजात, तिनं उत्तर दिलं.

"न्हाई!"

गिरिजाबाई पायरीवरच थांबली. घरातून दीपमाला पिठाच्या हातांनी बाहेर आली. ओट्यावर अप्पाराव काठीला रेटा देऊन उभे राहिले. गल्लीत कुणी भांडी घासत होतं, कुणी दात घासत होतं. सगळे हात थांबले.

"येती का न्हाई म्हनलं मी?" गिरिजाबाईनं परत विचारलं.

"न्हाई! न्हाई! न्हाई!"

तेव्हा गिरिजाबाईनं पदर कमरेला खोचला, गल्लीच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचेल अशा आवाजात ओरडली:

"आगं आयकलं का गं सगळ्यायनं? माझी नात माझं ऐकत न्हाई!"